गाडीमागून सुटे भाग: पुरवठादारांच्या बदलत्या पत्त्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, वाळूज आणि कोल्हापूर येथील लघुउद्योजक, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि अलीकडे एमआयडीसीतील गाळा विकत घेऊ पाहणारे गुंतवणूकदार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी आधी बरीच वर्षे खरेदी विभागात बसून पुरवठादारांचे दर कापले आणि नंतर पुरवठादाराच्या बाजूला येऊन स्वतःचे दर कापून घेतले. त्यामुळे उत्तरांमध्ये दोन्हीकडचा अनुभव मिसळला आहे. एकाच गोष्टीची पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘टियर वन’, ‘टियर टू’ म्हणजे नेमके काय? आमचा कारखाना यात कुठे बसतो?

तुम्ही बिल कोणाच्या नावाने करता, यावर ते ठरते. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ज्याला स्वतःचा व्हेंडर कोड दिला आहे आणि ज्याचा माल थेट तिच्या गेटवर उतरतो, तो टियर वन. त्याला माल देणारा टियर टू, आणि त्यालाही कच्चे कास्टिंग (ओतीव भाग) किंवा फोर्जिंग (ठोकून घडवलेला भाग) पुरवणारा टियर थ्री. ब्रेकचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतलेले कास्टिंग भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मशिनिंगला येते, तेथून चाकणच्या कारखान्यात जाऊन त्याचा पूर्ण ब्रेक तयार होतो आणि मग तो गाडीच्या लाइनवर चढतो. एकच कारखाना एका ग्राहकासाठी टियर वन आणि दुसऱ्यासाठी टियर टू असू शकतो. आपल्याकडील कितीतरी मध्यम कारखाने असेच दोन्हीकडे आहेत.

२. ट्रक एका रात्रीत पाचशे किलोमीटर जातो. मग पुरवठादार गाडीच्या कारखान्याशेजारीच का हवा?

सर्वच पुरवठादार शेजारी लागत नाहीत. बोल्ट, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांसारखा छोटा, टिकाऊ आणि पेटीत भरपूर मावणारा माल देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून येऊ शकतो. शेजारी लागतो तो सीट, बंपर, डॅशबोर्ड, इंधनाची टाकी आणि सायलेन्सर यांसारखा अवजड आकाराचा माल, कारण अशा मालाच्या ट्रकमध्ये निम्म्याहून अधिक हवाच वाहून न्यावी लागते आणि भाडे मात्र पूर्ण ट्रकचे पडते.

त्यातही सीटचा प्रकार पाहण्यासारखा असतो. रंगकाम झालेली बॉडी जुळणीच्या लाइनवर चढली, की तिला काळी सीट लागणार की करडी, कापडी की लेदरची, याचा निरोप सीट बनवणाऱ्याकडे जातो आणि पुढच्या काही तासांत त्याने त्या गाडीची सीट त्याच क्रमाने ट्रॉलीवर चढवून पाठवायची असते. ट्रॉलीवर सातवी सीट आठवीच्या जागी ठेवली गेली, तर लाइनवरचा कामगार लाल गाडीत पांढऱ्या गाडीची सीट हातात घेऊन उभा राहतो आणि तेवढ्यात मागून सुपरवायझरची शिट्टी वाजते. असा पुरवठादार पंधरा-वीस किलोमीटरच्या आत नसला तर त्याला धंदा करता येत नाही.

परंतु यामागे आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच खरे आहे: साठा कोणाच्या अंगावर राहणार? पुरवठादार लांब असला तर मधल्या वाटेवरचा आणि गोदामातला माल कोणीतरी पैसे गुंतवून धरून ठेवावा लागतो. गाडीच्या कंपनीला तो स्वतःच्या ताळेबंदात नको असतो. म्हणून लांबच्या पुरवठादाराला कारखान्याजवळ गोदाम भाड्याने घ्यायला लावतात आणि माल लाइनवर वापरला गेल्यावरच त्याचे बिल स्वीकारतात. पुरवठादार शेजारी असो वा दूर, साठा त्याच्याच पदरात राहतो. शेजारी असल्यास तो एका पाळीचा असतो, दूर असल्यास पंधरा दिवसांचा.

३. हा उद्योग पिंपरी-चिंचवडमध्येच का रुजला? मुंबईत का नाही?

सुरुवात मुंबईतच झाली होती. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यात होता आणि महिंद्राचा कांदिवलीला आहे. परंतु मुंबईत जागा संपत गेली, आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पुण्याच्या उत्तरेला पाणी, वीज आणि रस्त्यांसह आखलेले भूखंड मिळू लागले. आकुर्डीला बजाज आली, साठच्या दशकातच टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, पिंपरीत आली. भारत फोर्ज १९६१ सालची, मुंढव्याची. वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्थाही १९६६ पासून पुण्यातच आहे.

माझ्या मते जमिनीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरले ते टूलरूम (साचे आणि हत्यारे बनवणारे विभाग) आणि अप्रेंटिस शाळा. टेल्कोत शिकलेला फिटर किंवा टूलमेकर काही वर्षांनी नोकरी सोडून भोसरीत एक लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकत असे, आणि त्याचा पहिला ग्राहक बहुधा जुनी कंपनीच असे. ड्रॉइंग वाचता येणारी आणि शंभर मायक्रॉनची चूक बोटाने ओळखणारी माणसे जेथे पिढीजात तयार होतात, तेथून उद्योग सहजासहजी हलत नाही. ज्या राज्यांनी केवळ जमीन आणि करसवलत देऊन कारखाने बोलावले, त्यांना याचा अनुभव आला (प्रश्न ७ पाहा).

४. मग चाकणला, तळेगावला आणि रांजणगावला सगळे का गेले?

पहिले कारण जमीन. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९८२ साली महानगरपालिका झाली, आजूबाजूला वस्ती वाढली आणि मोठा सलग भूखंड मिळेनासा झाला. दुसरे कारण जकात. महापालिकेच्या हद्दीत येणाऱ्या प्रत्येक कच्च्या मालावर आणि सुट्या भागावर ती द्यावी लागे, नाक्यावर ट्रकची रांग लागे ती वेगळीच. चाकण हद्दीबाहेर होते. पिंपरी-चिंचवडमधील जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद होऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक उद्योगांपुरता गेला. परंतु तोपर्यंत कारखाने हललेले होते, आणि कर गेला म्हणून कोणी मशीनचा पाया उकरून परत येत नाही.

बजाजने चाकणला दुचाकींचा कारखाना आधीच उभारला होता. आकुर्डीतील उत्पादन तिने २००७ मध्ये थांबवले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. पिंपरीत टेल्कोच्या आवारात १९९५ पासून गाड्या जुळवणारी मर्सिडीज-बेंझही त्याच वर्षी चाकणला आली, आणि पाठोपाठ महिंद्रा. तळेगावला २००८ मध्ये जनरल मोटर्स आली, तर रांजणगावला फियाट आणि टाटा यांचा संयुक्त कारखाना उभा राहिला.

या स्थलांतराची किंमत आज तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर सकाळी सातला उभे राहिल्यास दिसते. तासाला एक फेरी असे वेळापत्रक ज्या मालासाठी आखले, त्याचा ट्रक चौकात अडकून पडतो, आणि पुरवठादार तासाचा साठा म्हणता म्हणता चार तासांचा साठा ठेवू लागतो. आम्ही एकदा वीस किलोमीटरवरच्या ग्राहकासाठी कंपनीतून निघालेले मालाचे बिन, म्हणजे क्रेट, मोटारसायकलवर बांधून पाठवले होते. नकाशातले अंतर आणि चाकणचे अंतर वेगळे असते.

५. पूर्वी कंपन्या बरेचसे भाग स्वतःच बनवत. बाहेरून घेण्याची पद्धत केव्हा आणि का आली?

परवाना-पद्धतीच्या काळात गाड्या कमी बनत आणि चांगले सुटे भाग बाहेर मिळण्याची खात्री नसे. त्यामुळे फाउंड्रीपासून फोर्जपर्यंत पुष्कळसे घरातच असे. बदल सुरू झाला तो मारुतीपासून. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावला पहिली मारुती ८०० बाहेर पडली तेव्हा तिचे बहुतांश भाग जपानमधून येत होते आणि टप्प्याटप्प्याने ते देशात बनवायचे बंधन होते. त्यासाठी मारुतीने पुरवठादार शोधले, जपानी कंपन्यांशी त्यांचे तांत्रिक सहकार्य जुळवून दिले आणि काही ठिकाणी स्वतः भांडवल घातले. जय भारत मारुती आणि भारत सीट्स यांची नावे त्या संदर्भात नेहमी घेतली जातात. १९९३ मध्ये मोटारगाड्यांवरील परवाना उठला, परदेशी कंपन्या आल्या आणि सर्वांनीच भाग बाहेरून घेण्याची रीत उचलली. टाटांनीही १९९५ मध्ये सुट्या भागांसाठी टाटा ऑटोकॉम्प ही स्वतंत्र कंपनी काढली.

मारुतीच्या रीतीतील एक गोष्ट मात्र सर्वांनी उचलली नाही. पुरवठादाराच्या कंपनीत ग्राहकाचे भांडवल असले, की तोटा झाल्यावर ग्राहकालाही झोप लागत नाही. नुसत्या पर्चेस ऑर्डरवर चालणाऱ्या नात्यात ती सोय नाही.

६. ग्राहक म्हणतो, ‘आम्ही नवा कारखाना काढतोय, तुम्हीही तेथे या.’ जावेच लागते का?

कागदावर नाही. व्यवहारात तीन गोष्टींवर अवलंबून आहे: तुमचा माल प्रश्न २ मधील कोणत्या गटातला आहे, त्या ग्राहकाचा तुमच्या विक्रीत किती वाटा आहे, आणि त्या भागाचे ड्रॉइंग कोणाचे आहे. तिसरा मुद्दा सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत जास्त निर्णायक ठरतो. ड्रॉइंग ग्राहकाचे असेल, तर तुम्ही नकार दिल्याच्या दुसऱ्या महिन्यात तेच ड्रॉइंग नव्या गावातील दुसऱ्याच्या टेबलावर असते. डिझाइन तुमचे असेल, तर ग्राहक तुमच्या गावाहून माल उचलायला तयार होतो.

सोबत जाऊन भले झाल्याची उदाहरणे आहेत. बजाजने १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला कारखाना काढला तेव्हा तेथे सुटे भाग बनवणारी परंपरा नव्हती. त्या कारखान्याच्या सावलीत एन्ड्युरन्स आणि व्हेरॉक या कंपन्या वाढल्या, पुढे दोघीही युरोपात कारखाने चालवू लागल्या. आज वाळूज आणि शेंद्र्याला जे कसब आहे, त्याचे मूळ एका ग्राहकाच्या निर्णयात आहे.

उलट उदाहरण सिंगूरचे. पश्चिम बंगालमध्ये नॅनोसाठी जी ९९७ एकर जमीन घेतली होती, तीत जवळजवळ २९० एकर पुरवठादारांसाठी राखलेली होती, आणि त्यांतल्या अनेकांनी तेथे बांधकाम सुरू केले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी प्रकल्प गुजरातेत साणंदला हलवला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरची जमीन शेतकऱ्यांना परत द्यायला सांगितले आणि २०२३ मध्ये लवादाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. ही भरपाई मुख्य कंपनीच्या दाव्यावर मिळाली. पुरवठादारांनी साणंदला दुसऱ्यांदा शेड बांधल्या, आणि ज्या गाडीसाठी बांधल्या, ती नॅनो अपेक्षेइतकी विकलीच गेली नाही व २०१८ मध्ये थांबली. जागा बदलण्याचा निर्णय एकाचा असतो, पाया दोनदा खणण्याचा खर्च दुसऱ्याचा.

म्हणून जाण्याआधी ग्राहकाकडून लेखी घ्यावे: किमान किती संख्येची मागणी, ती पूर्ण न झाल्यास शेड आणि मशीनच्या घसाऱ्याचा किती भाग कोण सोसणार. बहुतेक ग्राहक ‘अंदाजित आकडा’ देतात, हमी देत नाहीत. तरीही विचारावे, कारण नकार कोणत्या शब्दांत येतो यावरूनही पुष्कळ कळते.

७. करसवलतीच्या राज्यात शाखा काढली होती. सवलत संपली. आता ती बंद करावी का?

हा प्रश्न विशेषतः उत्तराखंडातील पंतनगरविषयी येतो. २००३ च्या धोरणानुसार उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशात ३१ मार्च २०१० पर्यंत उत्पादन सुरू करणाऱ्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ होते. २००७ च्या सुमारास टाटांचा ‘एस’ हा छोटा ट्रक आणि बजाजच्या दुचाकी तेथे बनू लागल्या, आणि पुण्याच्या पुरवठादारांना दीड हजार किलोमीटरहून दूर शेड उभाराव्या लागल्या. ग्राहकाला शुल्कमाफी मिळाली, पुरवठादाराला हिंदी बोलणारा प्लँट मॅनेजर शोधावा लागला.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आल्यावर अशा सवलतींचे जुने गणित मोडले. तरीही शाखा बंद करण्याची घाई करू नये. मशीन तेथे बसलेले आहे, माणसे शिकलेली आहेत, आणि जोवर गाडी तेथे बनते आहे तोवर तुमची जागा दुसऱ्याला घेता येत नाही. गाडीचे मॉडेल बदलण्याची वेळ ही शाखा ठेवायची की नाही, हे ठरवण्याची खरी वेळ असते.

८. गाडीची कंपनीच भारतातून निघून गेली तर पुरवठादाराचे काय होते?

जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, परंतु तळेगावहून निर्यात चालू ठेवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला करार मंजुरीअभावी बारगळला, आणि शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. तेथून गाड्या निघू लागल्या त्या २०२५ मध्ये. म्हणजे कारखान्याच्या भिंती उभ्या होत्या, परंतु आसपासच्या शेडना साडेचार वर्षांहून अधिक काळ काम नव्हते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये माघार जाहीर केली. तिचा साणंदचा कारखाना टाटांच्या इलेक्ट्रिक प्रवासी वाहनांच्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ७२५.७ कोटींना घेतला.

नवी कंपनी आली म्हणून जुना पुरवठादार आपोआप तिचा होत नाही, हे येथे लक्षात ठेवावे. ती स्वतःची साखळी घेऊन येते (प्रश्न ११ पाहा). टिकले ते पुरवठादार, ज्यांनी निघून गेलेल्या ग्राहकाचे काम एकूण कामाच्या पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर जाऊ दिले नव्हते. माझ्याकडे मदतीला आलेल्या एका उद्योजकाचे ऐंशी टक्के काम एकाच गेटवर होते. बंद होण्याची बातमी त्याला खरेदी विभागाकडून मिळाली नाही, सकाळच्या वर्तमानपत्रात मिळाली.

९. डाय (साचे) आणि फिक्स्चर (भाग मशीनवर पकडून ठेवणारी साधने) आमच्या शेडमध्ये आहेत. ग्राहकाने काम दुसरीकडे दिले तर ती आमचीच राहतात का?

पैसे कोणी दिले ते पाहा. ग्राहकाने टूलिंगचे स्वतंत्र बिल भरले असेल तर डाय त्याची, आणि ती तो उचलून नेऊ शकतो. टूलिंगचा खर्च प्रत्येक नगाच्या दरात थोडा थोडा वसूल करायचे ठरले असेल तर ठरलेली संख्या पूर्ण होईपर्यंत मालकीचा वाद राहतो, आणि हेच कलम करारात नेहमी अर्धवट लिहिलेले असते. संख्या अपुरी राहिल्यास उरलेली रक्कम एकरकमी मिळेल, असे वाक्य त्यात घालून घ्यावे.

कराच्या बाजूने एक सूट आहे, ती अनेकांना माहीत नसते. जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत आली पाहिजे, अन्यथा तो पुरवठा समजून कर लागतो. परंतु मोल्ड, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना ही मुदत लागू नाही. ग्राहकाच्या मालकीची डाय त्याने विनामूल्य दिली असेल, आणि ती पुरवण्याची जबाबदारी करारानेच तुमच्यावर नसेल, तर तिची किंमत नगाच्या मूल्यात धरावी लागत नाही. २०१८ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केले आहे.

१०. कोल्हापूर कोणत्याही गाडीच्या कारखान्याशेजारी नाही. मग तेथील फाउंड्री कशा चालतात?

कारण कास्टिंग हा घट्ट, जड आणि न बिघडणारा माल आहे. ट्रकमध्ये हवा जात नाही, लोखंडच जाते. ऊस गाळण्याची यंत्रे आणि ऑइल इंजिने यांच्या दुरुस्तीतून कोल्हापुरात ओतकामाचे कसब तयार झाले, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल येथे ते वाढले. पुण्याचे अंतर सुमारे २३० किलोमीटर, संध्याकाळी भरलेला ट्रक पहाटे पोहोचतो. भट्टी, वाळू, पॅटर्न बनवणारा आणि वितळलेल्या लोखंडाच्या रंगावरून तापमान सांगणारा माणूस एका ठिकाणी मिळतो, हे त्या अंतरापेक्षा स्वस्त पडते. अर्थात आता पुष्कळशा फाउंड्रींनी तेथेच मशिनिंग सुरू केले आहे. अन्यथा नफा भोसरीत उतरतो आणि धूर कोल्हापुरात राहतो.

११. परदेशी कंपनी स्वतःचे पुरवठादार बरोबर आणते. सरकार त्यावर बंधन का घालत नाही?

घातले होते. १९९७ च्या धोरणात सुटी गाडी आणून जुळवणाऱ्या कंपन्यांना तिसऱ्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ७० टक्के भाग देशी वापरण्याचा सामंजस्य करार करावा लागे. युरोपीय संघ आणि अमेरिका हे प्रकरण जागतिक व्यापार संघटनेत घेऊन गेले, निर्णय भारताविरुद्ध गेला आणि २००२ मध्ये ते संपले. आता थेट सक्ती करता येत नाही. आयात शुल्क आणि प्रोत्साहन योजना यांतूनच ते साधले जाते.

ह्युंदाई १९९८ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला गाड्या बनवू लागली तेव्हा तिच्यासोबत कोरियन पुरवठादारांची वसाहतच तेथे आली. एका नव्या मॉडेलसाठी भाग विकसित करायला दोन-तीन वर्षे लागतात आणि ते काम कंपनीच्या मूळ देशातच सुरू होते. त्यामुळे ड्रॉइंग कागदावर येण्याआधीच जो पुरवठादार त्या खोलीत बसलेला असतो, तोच पुढे जगभर जातो. स्थानिक उद्योजकाला बहुधा त्याचा टियर टू होऊन शिरकाव मिळतो, किंवा त्याच्याशी संयुक्त कंपनी काढून. यात कमीपणा मानू नये, परंतु संयुक्त कंपनीच्या करारात निर्यातीची बंदी आहे का, ते वकिलाकडून आधी वाचून घ्यावे.

१२. दरवर्षी दर कमी करा म्हणतात, पैसेही उशिरा देतात. काही कायदेशीर आधार आहे का?

दरकपातीविरुद्ध कायदा नाही, ती करारातील बाब आहे. पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या भावातील चढउतार ठरावीक काळाने दरात मिळवण्याचे कलम असले, की निम्मे भांडण मिटते. पैशांबाबत मात्र आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यातील एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)) अशी थकलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष दिलेल्या वर्षातच खर्च म्हणून दाखवता येते.

अपवाद दोन. ही सोय मध्यम उद्योगाला नाही आणि व्यापाऱ्यालाही नाही. शिवाय उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. प्रत्यक्षात तक्रार करणारा पुरवठादार पुढच्या मॉडेलच्या यादीतून गळतो, अशी भीती असते आणि ती निराधार नाही. बिल बँकेकडून आधीच वटवून घेण्याची ट्रेड्सची व्यवस्था म्हणूनच अधिक वापरली जाते.

१३. एकाच ग्राहकावर अवलंबून राहू नये म्हणता. ग्राहकही एकाच पुरवठादारावर अवलंबून असतो का?

असतो, आणि त्याचा धडा प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया येथील आयसिनच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकसाठी लागणारा एक लहानसा व्हॉल्व्ह टोयोटासाठी जवळजवळ सगळाच तेथे बनत असे. टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने काही दिवस थांबले. मग अनेक पुरवठादारांनी आयसिनकडून ड्रॉइंग घेऊन तो भाग आपापल्या मशीनवर बनवायला घेतला. त्यांत शिलाई मशीन बनवणारी ब्रदर कंपनीही होती. आठवडाभरात लाइन पुन्हा सुरू झाली. जवळ राहणाऱ्या आणि एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या पुरवठादारांचा हा फायदा कोणत्याही कोष्टकात दिसत नाही.

१४. विजेच्या गाड्या आल्या की इंजिनाचे भाग बनवणाऱ्या आमच्यासारख्यांनी काय करावे?

पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, सायलेन्सर, इंधन पंप आणि गिअरबॉक्समधील बराचसा भाग विजेच्या गाडीत लागत नाही. सीट, काच, सस्पेन्शन, चाके, दिवे तसेच राहतात. ब्रेक पॅड लागतो, परंतु मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्याने तो कमी झिजतो आणि बदलीचा बाजार आक्रसतो. मोटर आणि बॅटरी यांची ॲल्युमिनियमची आवरणे हे नवे काम आहे, आणि ज्यांच्याकडे डायकास्टिंग आहे ते तिकडे वळत आहेत.

भूगोलाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे बॅटरी पॅक काहीशे किलोचा असतो आणि धोकादायक माल म्हणून वाहून न्यावा लागतो. तो गाडीच्या कारखान्याजवळच जुळवणे सोयीचे. महिंद्राच्या नव्या विजेच्या गाड्या चाकणला बनतात, टाटांच्या मुख्यतः रांजणगाव आणि साणंदला. संभाजीनगरजवळ बिडकीनला कारखाना काढण्यासाठी टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये सामंजस्य करार केला आहे. म्हणजे जुन्या पट्ट्यातच नवे काम येत आहे, परंतु बॅटरीचे सेल, तसेच मोटरमधील दुर्मीळ मृदा धातूंची चुंबके अजून मुख्यतः चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा चाकणच्या लाइनचा खरा पुरवठादार कुठे आहे, ते सर्वांना दिसले.

१५. निर्यातीसाठी परदेशात कारखाना काढणे आवश्यक आहे का?

भाग कोणता, यावर आहे. भारत फोर्जने २००४ मध्ये जर्मनीतील कार्ल डान पेडिंगहाउस ही कंपनी घेतली, कारण युरोपातील ग्राहकाला भाग विकसित करणारा माणूस शेजारी हवा होता. साधा मशिन केलेला भाग आजही येथूनच जहाजाने जातो. मे २०२५ मध्ये अमेरिकेने आयात वाहनभागांवर २५ टक्के शुल्क लावल्यावर हा हिशेब पुन्हा मांडावा लागत आहे.

१६. आम्ही फक्त शेड बदलतोय, भोसरीहून चाकणला. मशीन तीच, माणसे तीच. ग्राहकाला कळवायलाच हवे का?

हवे, आणि आधी. ग्राहकाने भागाला दिलेली मंजुरी, जिला आपण पीपीएपी म्हणतो, ती भागासोबत जागेलाही दिलेली असते. जागा बदलली, मशीन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेले किंवा उष्णताप्रक्रिया करणारा बदलला, तरी नव्याने नमुने, मोजमापे आणि ग्राहकाची सही लागते. त्याला चार ते बारा आठवडे जाऊ शकतात, म्हणून तेवढ्या काळाचा माल जुन्या शेडमध्ये आधीच बनवून ठेवावा लागतो.

हे मी स्वतः चुकून शिकलो. अंतर वीस किलोमीटरचे, म्हणून आम्ही शनिवारी संध्याकाळी दोन सीएनसी मशीन क्रेनने उचलून नव्या शेडमध्ये बसवल्या आणि सोमवारी नेहमीप्रमाणे माल पाठवला. नवा पाया पुरता सुकला नव्हता, मशीनची पातळी केसभर ढळली आणि बोअर बारा मायक्रॉनने मोठा निघाला. ग्राहकाने तो लॉट परत पाठवला, लाइन थांबल्याच्या मिनिटांची डेबिट नोट लावली, आणि चौकशीत मालासोबतच्या चलनावरचा नवा पत्ता पाहून जुनी मंजुरीही रद्द केली. आता शेड बदलणाऱ्या प्रत्येकाला मी आधी काँक्रीट कोणत्या तारखेला ओतले, तेच विचारतो.